बैलांच्या चाऱ्याचे दोन रुपये

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण काही नाही, आता पोटात मावत नाही एवढंच.

छप्पन साली मी राळेगावकडच्या एका शाळेत गणित शिकवायचो. इंटरला गणितातच दोनदा आपटलेला माणूस मी, पण वर्गात माझा केवढा तोरा! वार्षिक परीक्षेत मी एक उदाहरण घातलं. कापसाच्या गाडीला बारा मैलांचं भाडं पाच रुपये, तर चोवीस मैलांचं किती? समीकरण मांडा. उत्तर दहा — यात विचार करण्यासारखं काय होतं?

सगळ्या वर्गानं दहा लिहिलं. देवसिंगनं आठ. हा तांड्यावरचा पोरगा, आजोबांपासून घरात माल वाहण्याचाच धंदा. त्यानं मांडलं होतं : य = २ + क्ष/४. बारा मैलांना पाच येतात, चोवीसला आठ. मी तीनदा ताडून पाहिलं. खरं भाडं असंच ठरतं, हे मला ठाऊक नव्हतं का? घरचा कापूस मीच तर गाडीनं पाठवत होतो. पण समीकरणात ते मला कधी दिसलं नाही, आणि याला दिसलं. मी जळलो. साधं, स्वच्छ जळलो. आणि शून्य दिलं.

पेपर घेऊन तो माझ्याकडे आला. भांडायला नाही — समजावून सांगायला, जसा काही मीच विद्यार्थी.

"गुरुजी, गाडी जुपली का बैलाचा चारा अन् हमाली, दोन रुपये लागतेच. मंग गाव दोन मैल असो का चोवीस."

मी म्हणालो, "पुस्तकात चारा नाही."

नादारी, म्हणजे फीमाफी, टिकायला त्याला तीन गुण कमी पडले. प्रश्न पाच गुणांचा होता. हे मला शून्य देताना माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर — पण माहीत होतं. फी भरणं त्याच्या बापाला जमणार नव्हतं, तेही माहीत होतं. जूनमध्ये तो शाळेत आला नाही, गाडी हाकू लागला.

पुढच्या वर्षी तपासणीला साहेब आले, तेव्हा मी फळ्यावर काय मांडलं असेल? तेच. चाऱ्यासकट. साहेब खूश झाले, चांगला शेरा मिळाला. मग दरवर्षी ते उदाहरण मी माझं म्हणून शिकवत राहिलो.

बासष्टमध्ये देवसिंगचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात आला. मी फळ्यावर समीकरण लिहिलं तसा तो उठला. "गुरुजी, हे तं आमचा भाऊ सांगत राह्यते."

खडू हातात होता. वर्ग माझ्याकडे पाहत होता. खरं बोलायला याहून सोपी वेळ कोणती असते?

"त्याला मीच शिकवलं होतं," मी म्हणालो.

पोराला ते खरं वाटलं. त्यानं मला हात जोडले आणि खाली बसला.