परखी लाव, हेमराज

सुधाकरचा फोन आला तेव्हा माझी तांदळाची मिल जोरात चालू होती, त्यामुळे मला आधी काहीच ऐकू आलं नाही. कोंड्याच्या ढिगाला वळसा घालून फाटकाबाहेर आलो आणि म्हणालो, हं, आता बोल. तो म्हणाला, "भाऊ, ताई गेली." नागपूरच्या दवाखान्यात, सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत… ताई म्हणजे विशाखा रामटेके. गोंदियाच्या कोर्टातली वकील, कर आणि राज्यघटना या विषयांत आयुष्यभर बुडालेली अभ्यासक, आणि नवेगाव बांधच्या शाळेपासूनची माझी मैत्रीण. अशा वेळी लोक काय विचारतात कोण जाणे, मी विचारलं, पुस्तकाचं शेवटचं पान लिहून झालं होतं का? सुधाकर तिचा सख्खा भाऊ, त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. झालं होतं, तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलंय, असं तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघेही रडलो.

त्या पानाची गोष्ट सांगायची तर आधी परखी सांगायला हवी. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोतं न उसवता ती खुपसायची, आतले मूठभर दाणे बाहेर येतात आणि त्यावरून अख्ख्या मालाचा भाव ठरतो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास विशाखाने तिथे वकिली सुरू केली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या मिलवर यायला लागली. एकदा मला परखी मारताना तिने पाहिलं आणि टाळीच वाजवली. दुसऱ्या दिवशी पानांचा गठ्ठा माझ्यापुढे आदळून म्हणाली, "परखी लाव, हेमराज." मी गठ्ठ्यात कुठेही बोट खुपसायचं, तिथलं एक वाक्य वाचायचं आणि काय समजलं ते सांगायचं. नाही समजलं, तर ते पान ती पुन्हा लिहिणार. ती आधी मराठीत लिहायची आणि मला समजलं की मगच इंग्रजी करायची. सुरुवातीला मी म्हणायचो, अगं, तूच समजावून सांग ना. त्यावर ती म्हणायची, "समजावून सांगाले मी पुस्तकासंगं घरोघरी जाऊ का गा?"

घटनेचं वेड घरातूनच आलेलं. तिचे वडील धानाच्या रोवणीला आणि जंगलातल्या कामाला जाणारे, पण घरात कुठलंही भांडण झालं की विचारायचे, "हे घटनेत बसते का?" भाजीचा शेवटचा तुकडा कोणाचा, इथपासून पोरीने कायदा शिकावा की नाही, इथपर्यंत सगळं त्या एका प्रश्नावर निघायचं. पोरीने शिकणं बसत होतं, म्हणून ती शिकली.

मग छत्तीसगड वेगळं झालं आणि विशाखाला तिचा ट्रक सापडला. खरं तर ट्रक माझा होता. बालाघाटच्या व्यापाऱ्याचा कोंडा राजनांदगावला पोचवायचा होता. निघाला तेव्हा दोन्ही गावं मध्य प्रदेशातच. वाटेत आपल्या महाराष्ट्रातल्या देवरीजवळ अॅक्सल तुटला. सामान मिळून दुरुस्ती होईपर्यंत राजनांदगाव नव्या राज्यात गेलेलं! पुढे नाक्यावर साहेब कागद बघून म्हणाला, ये तो दूसरे राज्य का माल है. माझा जीव कोंड्यासाठी तुटत होता आणि विशाखाला सांगायला गेलो, तर ही बाई स्कूटरवर थेट देवरीच्या नाक्यावर. ट्रकभोवती फेऱ्या मारत राहिली. "हेमराज, एका राज्यातली विक्री असली तं कर राज्याच्या कायद्यानं, दोन राज्यातली असली तं केंद्राच्या. पण हा माल तं उभाच होता. रेषा हालली. मंग ही विक्री कोणती?" ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, मी ड्रायव्हरकडे. शेवटी साहेबच कंटाळला आणि गाडी सोडली, तेव्हा हिचं तोंड उतरलं. प्रश्न इतक्या लवकर सुटायला नको होता, असं तिचं म्हणणं.

त्या ट्रकवर तिने पहिला मोठा लेख लिहिला. कितीदा परखी मारली त्याचा हिशेब नाही, पण शेवटी कुठेही बोट ठेवा, मला समजत होतं. लेख दिल्लीच्या एका नियतकालिकाकडे गेला आणि साभार परत आला. मुद्दा मोलाचा दिसतो, पण पहिल्या पानापुढे जाणं आम्हाला जमलं नाही, असं संपादकांनी सभ्यपणे कळवलं होतं. विशाखा लालबुंद. तिने सगळी पानं पोत्यांवर पसरली, खाली-वर चालली आणि एकदम थांबून म्हणाली, "तू पहिलं पान कधी वाचलं होतं का?" मी म्हणालो, कधीच नाही. आमच्या धंद्यात परखी वरच्या थरात कोणी मारत नाही. वर निवडक दाणा पसरलेला असतो, हे शेंबडं पोरही जाणतं. परखी घुसवायची ती पोत्याच्या पोटात. म्हणजे लेखाचं पोट लख्ख झालं होतं, आणि पहिल्या व शेवटच्या पानावर बाईंची सगळी विद्वत्ता ढीग लावून बसली होती. ती इतकी हसली की वजनकाट्यावरचा माणूस काय झालं ते बघायला आला. मग गंभीर चेहऱ्याने तिने आमच्या नियमात 'पहिली घटनादुरुस्ती' जाहीर केली: पहिलं आणि शेवटचं पान सक्तीचं. नवा लेख सुरू झाला तो असा: देवरीजवळ एक ट्रक उभा होता. तो छापून आला.

पुढची वर्षं नुसती धावपळीची आणि मजेची गेली. जिचा देशच दुभंगला अशा एका परदेशातल्या प्राध्यापिकेची ईमेल आली, की करार जुन्या देशात झाला आणि माल नव्या देशात उतरला, तर तुमचं म्हणणं काय? त्या दिवशी विशाखा जेवलीच नाही. तिथून लेखाचं पुस्तक व्हायला लागलं. माझा तांदूळ परदेशी जायला लागला, तर अभिनंदन राहिलं बाजूला, तो नेमका कुठल्या क्षणी देशाबाहेर 'निघाला', मिलच्या फाटकातून की बंदरातून, यावर तिने माझं डोकं खाल्लं. मी म्हणालो, माझ्या हातून गेला, पैसे आले, निघाला. ते तिने अर्धा तास मनावर घेतलं.

पुस्तक पुरं होत आलं आणि जीएसटी आला. घटनाच बदलली, जुने कर गेले, अर्धं पुस्तक पाण्यात. तिला काय तोंडाने भेटावं म्हणून मी दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी तीच आली, स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत.

"अर्धं पुस्तक मेलं, हेमराज."

"मग हसून काऊन राहिली?"

"अरे, आता दिल्लीवाले मोठमोठे वकील आन् मी एकाच पानावर. साऱ्यांसाठी नवं. आजवर मी मागून पळून राहिली होती, आज सारेच एका रेषेवर उभे हायेत!"

आणि ती पळाली. आजाराचं निदान झालं तेव्हाही पळतच होती. नागपूरला भरती झाली, तर तिथून फोन. तब्येत विचारली की म्हणायची, ते डॉक्टरले विचार, तू प्रकरण ऐक. शेवटच्या फोनवर म्हणाली, "एकच पान राहिलं. मी आली का परखी लावजो. सक्तीचं आहे, इसरू नको."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर सुधाकरने ते पान माझ्या हातात दिलं. मिलवर येऊन वाचलं. सगळं समजलं, फक्त शेवटचं वाक्य सोडून: "सीमा आहे म्हणून कर बसत नाही, कर बसवता येतो तिथवरच सीमा असते." पुन्हा वाचलं. नाही समजलं. नियमाप्रमाणे ते पान पुन्हा लिहायला हवं… आणि लिहिणारी नाही. तिची फार आठवण आली, रागच आला तिचा. प्रकाशक चांगले आहेत, ते म्हणाले, कोणाकडून तरी सोपं करून घेऊ. मी सांगितलं, एक अक्षर हलवायचं नाही. पान बदलता येत नसेल तर या वेळी मलाच बदलावं लागेल. मराठी पुस्तक आहे तसं छापायला गेलं.

परखी ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली आहे, विशाखा बसायची त्या खुर्चीच्या वर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबतात, तेव्हा मी त्या पानाची झेरॉक्स खणातून काढून बसतो, वाक्यावर बोट ठेवतो आणि मला काय समजलं ते मोठ्याने सांगतो. देवरीचा ट्रक आठवतो, नाक्यावरचा तो साहेब आठवतो.

काल अर्धं समजलं.