रेंजच्या दगडावरचे पोस्टमामा

अनोळखी नंबरवरून फोन आला की पोस्टमामा आधी त्याचं गाव विचारत, मग त्याच्या आईचं माहेर. बँकेतून बोलतोय म्हणणारा एकजण एकदा चांगली दहा मिनिटं त्यांच्या तावडीत सापडला. आजोळ सांगता येईना, तेव्हा त्यानेच वैतागून फोन ठेवला. ‘‘ज्याला आजोळ न्हाई, त्येला आपला आकडा सांगायचा न्हाई,’’ असं मामा सगळ्यांना बजावत. ओटीपीला ते आकडाच म्हणत.

गुंद गावाच्या बाजूला जंगलात आमचं गाव. रेंज मिळे ती फक्त टेकडीवरच्या एका सपाट दगडावर. पोस्टातून निवृत्त झालेले मामा रोज तिथे जाऊन बसत. जन्मभर लोकांची पत्रं वाचून दाखवलेली, आता मेसेज वाचून दाखवत, आणि कुणाचा मेसेज काय होता हे घरी बायकोलाही कधी सांगत नसत. ती गेल्यावर तर ते दगडावरच जास्त रमले.

मी तेव्हा शाळेवर नवा होतो. एकशिक्षकी शाळा, म्हणजे जो होता तो मीच. एका दुपारी मामांच्या फोनवर रामनगरच्या एका ओळखीच्या माणसाकडून लग्नपत्रिका आली. मामा म्हणाले, ‘‘हातात अक्षत पडली न्हाई, ते आमंत्रण कसलं? ऱ्हाऊ दे, गुरुजी.’’ मला हसू आलं. आता पत्रिका अशाच येतात, असं त्यांना ऐकवून मी ती उघडली. फोनने आणखी काहीतरी विचारलं, त्यालाही ‘हो’ म्हटलं. मी शिकलेला ना!

पत्रिका नव्हतीच ती, फोनमधून बँकेतले पैसे लुटणारी फाईल होती. थोड्याच वेळात तीच फाईल मामांच्या फोनमधून आपोआप अख्ख्या गावाला गेली. मामांचं नाव बघून कुणीही डोळे मिटून उघडली असती. पण आमच्याकडे मेसेज पोचतो तो माणूस दगडावर चढल्यावर. फोन बंद करून मला रामनगरला पिटाळताना मामा म्हणाले, ‘‘तुमी बँक गाठा. हितलं मी बघतो.’’

बँकेने मामांचं खातं वेळेत गोठवलं. फोन मात्र दुकानात पूर्ण पुसावा लागला, आणि त्यातले मामींचे फोटोही गेले. मामा तीन दिवस उन्हात दगडापाशी उभे होते. वर येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ती फाईल समोर पुसायला लावत होते. कुणाचे पैसे गेले नाहीत. ‘‘माझ्याच हातनं चूक झाली,’’ असं ते ज्याला त्याला सांगत. मी शेजारी उभा असूनही गप्प राहिलो. त्यानंतर काही दिवस लोक मामांची टिंगल करायचे, तेही मी ऐकून घेतलं. लाज वाटायची.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. बाराव्याला त्यांच्या शेजारच्या सावित्रीअक्कांजवळ मी एकदाचं सगळं बोलून टाकलं.

त्या पत्रावळ्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘मला ठावं हाय. त्या दिशी मी दगडाच्या खालच्या अंगाला सरपण बांधत हुते. मामांनी मला शपथ घातली. म्हणाले, गुरुजीला कोण काय बोललं तर त्यो जाईल, आनी पोरांची शाळा बंद पडंल.’’

जे मी माझं गुपित समजत होतो, ते इतकी वर्षं ही दोघं माझ्यासाठी सांभाळत होती. मी पत्रावळ्या उचलल्या आणि वाढायला गेलो.