निरभ्र आकाशाखालची लाट

पेणच्या महाविद्यालयात मी नुकता प्रवेश घेतला होता. भूगोलाच्या तासाला प्रा. सुलभा गावंड यांनी मला उभं करून विचारलं, तुझ्या घरापासून समुद्र किती लांब आहे? मी म्हटलं, "भरतीला का ओहोटीला?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर खाडी काढली, माझ्या हातात खडू दिला आणि पाणी कुठवर येतं ते दाखवायला सांगितलं. बाईंशी माझा परिचय झाला तो असा. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि या गौरवग्रंथात त्यांची विद्यार्थिनी म्हणून लिहिण्याचा मान मला मिळतो आहे.

बाईंची शिस्त, त्यांचं अध्यापन यांबद्दल इतर मान्यवर लिहितीलच. मला लिहायचं आहे ते माझ्या घरातलं. शुभप्रसंगी तो विषय नको, असं संपादकांपैकी काहींचं म्हणणं पडलं. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी मला फोन केला. "नरेशचं नाव येणार नसेल तर माझ्यावर काहीच छापू नका," एवढंच त्या म्हणाल्या. नरेश म्हणजे माझा मोठा भाऊ, आमचा दादा.

आमचं गाव कासू स्टेशनपासून खाडीच्या अंगाला. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, म्हणून भोवती मातीचा बांध. त्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि खाडीचं खारं पाणी तिच्यापाशी अडतं. मी शेवटच्या वर्षात जाणार होते, त्या मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठलं. ते आपल्याच किनाऱ्यावर येणार अशी बातमी होती. लोकांनी बोचकी बांधली, गुरं सोडायची तयारी केली. सरपंचांनी बाईंना गावात बोलावलं. देवळात नकाशा पसरून बाईंनी समजावलं की वादळाने तोंड फिरवलं आहे, ते वायव्येला लांबच्या किनाऱ्याकडे चाललं आहे, त्याचा वारा आपल्यापर्यंत पोचणार नाही. घाबरायचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. गावातल्या जुन्या माणसांनीही आकाशाकडे बघून मान डोलावली. बोचकी सुटली.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. उधाणाची भरती होती. उघाडीच्या फळ्या सैल झाल्या होत्या. त्या ठोकायला दादा आधी चौघांना बरोबर घेऊन जाणार होता. आता धोका नाही म्हटल्यावर एकटाच गेला. पाणी नेहमी जिथे थांबतं तिथे त्या दुपारी थांबलं नाही. ते बांधावरून आत आलं आणि उघाडीसकट बांध बसला. आम्ही जेवत होतो. वहिनीला अंगणापलीकडे पाणी चमकताना दिसलं, तेव्हा तिला ते ऊनच वाटलं. ओहोटी लागल्यावर गावातल्या माणसांनी दादाला चिखलातून काढलं. त्याचा मुलगा तेव्हा रांगत होता.

आमचं सुतक फिटलं नव्हतं तोच बाई आल्या. ओटीवर भावकी बसली होती. कुणी त्यांना या म्हणालं नाही. त्या आईसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी वाऱ्याचं सांगितलं. लाटेचं सांगितलं नाही. ते मला माहीत असायला हवं होतं."

आईने विचारलं, "तुमाला म्हायती असतं तं माजा पोर वाचला असता?"

तिथे बसलेल्या प्रत्येकाला वाटलं, बाई म्हणतील, नशिबापुढे कुणाचं चालतं. बाई म्हणाल्या, "हो. तो तिकडे गेलाच नसता."

आई उठून आत गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती बाईंशी बोलली नाही.

बाईंनी तेव्हापासून लाटेचा अभ्यास धरला. निवृत्ती दूर नव्हती, पदोन्नतीसाठी आता काही नवं शिकायची गरज उरली नव्हती. सुट्टीत त्या मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत बसत, समुद्रशास्त्राच्या लोकांना पत्रं लिहीत. जे कळलं ते त्यांनी जिते, कासूपासून रोह्यापर्यंत गावोगावी जाऊन सांगितलं. वादळाचा वारा वादळापाशीच राहतो, पण त्याने उठवलेली लाट तिथे थांबत नाही, ती किनारा लागेपर्यंत चालत राहते. आपल्याकडे मे महिना असतो तेव्हा विषुववृत्ताच्या फार खाली, दक्षिणेच्या महासागरात हिवाळा असतो. तिथली वादळं आपल्या बातम्यांत येत नाहीत, पण त्यांच्या लांब, संथ लाटा दिवसचे दिवस प्रवास करून आपल्याकडे पोचतात. भर समुद्रात होडीलाही त्या जाणवत नाहीत. किनाऱ्याशी आल्यावर उंच होतात, एकामागून एक फुटत राहतात आणि किनाऱ्यालगतचं पाणी चढतं. त्यात उधाण असेल तर खाडीच्या पाण्याला ओसरायला वाव राहत नाही. हे सांगताना त्या बायकांच्या हातात लांब दोर देत, एका टोकाला झटका मारायला लावत आणि दुसरं टोक धरणारीला विचारत, तुझ्याकडे वारा होता का गो?

प्रत्येक सभेची सुरुवात त्या एकाच वाक्याने करीत: मी एकदा चुकले आणि त्यात नरेश गेला. महाविद्यालयातल्या काही सहकाऱ्यांना हे रुचत नसे. संस्थेचं नाव खराब होतं, असं त्यांनी बाईंना सुनावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या सभेत तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

वहिनी डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर कामाला लागली, बाळ माझ्याकडे आलं आणि माझं कॉलेज सुटलं. बाईंनी मला समजावलं वगैरे काही नाही. वहिनीची शिफ्ट असे त्या दिवशी बाई गाडीने कासूला येत. फलाटाच्या बाकावर, माझ्या मांडीवर बाळ असताना, परतीची गाडी येईपर्यंत माझा बुडालेला अभ्यास शिकवत. तेवढ्यावर मी बाहेरून परीक्षा दिली आणि आज रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवते, ती त्या बाकामुळे. त्या काळात बाई बाळाला कधी उचलून घेत नसत. आईने आपल्याला तेवढा हक्क दिलेला नाही, असं त्यांना वाटत असावं. मी विचारलं नाही.

पुढे एका मे महिन्यात समुद्रशास्त्राच्या लोकांकडून कळताच बाईंनी सरपंचांना फोन करून सांगितलं की दक्षिणेकडून मोठ्या लाटा निघाल्या आहेत आणि त्या नेमक्या उधाणाला पोचतील. आकाश तेव्हाही निरभ्र होतं. निम्मं गाव हसलं. पण सरपंचांनी दवंडी दिली आणि लोक गुरंढोरं घेऊन उंचावरच्या शाळेत गेले. बाईही आल्या. दुपारी बांध तीन ठिकाणी फुटला. माणूस एकही गेलं नाही, पण ती जमीन कायमची गेली. तिथे आज खारफुटी आहे. एक शेजारी रागाने म्हणाला, ही बाई येते तेव्हा पाणी येतं.

शाळेच्या व्हरांड्यात आई आपल्या शेतावर चढणारं पाणी बघत बसली होती. तिने न बघताच चटईवर बाजूला सरकून जागा केली.

"बस गो," ती बाईंना म्हणाली.

बाई बसल्या. दोघी पाणी उतरेपर्यंत तिथेच होत्या. आईने बाईंना माफ केलं का, हे मला माहीत नाही. ती जाईपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाही.

आता बाईंचे गुडघे दुखतात, एका डोळ्याला अंधुक दिसतं. समुद्र तापत चालला आहे, वादळं वाढतील आणि बांध पुरे पडणार नाहीत, हे त्या कुणालाही गोड करून सांगत नाहीत. अशा माणसाला दीर्घायुष्य चिंतायचं म्हणजे हे सगळं बघायला लावायचं, हे मला कळतं. तरीही आम्हा खाडीकाठच्या माणसांचा स्वार्थ असा की बाईंनी शंभरी गाठावी, त्यांची दृष्टी टिकावी, गुडघ्यांनी साथ द्यावी. येत्या मे महिन्यात पुन्हा उधाण येईल, आकाशात ढग नसेल, आणि शेतावर निघालेला कुणीतरी दारात थांबून विचारील, बाई काय म्हणतात?