दुपारचं सत्र

शिक्षक म्हणून चिकटून मला पावणेतीन वर्षं झाली होती. आणखी तीन महिने सुरळीत गेले की नोकरी पक्की. तोवर शिंकायचं तरी वरिष्ठांचा अंदाज घेऊन. नेमकी तेव्हाच निवडणुकीची ड्युटी लागली आणि नाशिकला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं.

सकाळच्या सत्रात प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी दम भरला, "दुपारी मतदान यंत्र सील करायला शिकवणार आहोत. गैरहजर राहील तो घरी बसेल." पण सह्या मात्र दोन्ही सत्रांच्या सकाळीच घेतल्या. आता सरकारनेच दार उघडं ठेवल्यावर माणसाने आत किती वेळ बसायचं? जेवणात मसालेभात झाला होता, आणि समोरच्या थिएटरात राजकीय रहस्यपट लागला होता. ऐन निवडणुकीत मुख्यमंत्र्यांचा खून. मी तिकीट काढलं.

मध्यंतराचे दिवे लागले. पुढच्याच रांगेत साहेब! मी झटकन प्रशिक्षणाची पुस्तिका तोंडासमोर धरली. हळूच बाजूला पाहिलं, तर येवल्याचे दोन मास्तर, पलीकडे इगतपुरीच्या बाई, सगळ्यांच्या तोंडासमोर तीच पुस्तिका. साहेबांच्याही. अर्धं थिएटर अभ्यासाला बसलं होतं.

समोसेवाला चक्रावला. "मास्तर, उद्या पेपर हाय का?"

पुढे खुनी सापडत आला, आणि नेमकी पडद्यावर हाताने लिहिलेली सूचना झळकली. 'प्रशिक्षणाच्या साहेबांसाठी बाहेर जीप आली आहे.' साहेब खुर्चीत इतके खाली सरकले की नुसतं टक्कल उरलं. डोअरकीपर बॅटरी घेऊन रांगेरांगेत शोधू लागला. उजेड माझ्या तोंडावर आला.

"सायेब तुम्हीच का?"

"नाही हो, मी कोणीच नाही."

इतकं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. या गडबडीत खुनी कोण ते राहूनच गेलं. दिवे लागायच्या आत आम्ही सगळे एकमेकांना न ओळखता बाहेर सटकलो.

मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्राध्यक्षांनी यंत्र माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही तरुण आहात, सील तुम्हीच लावा." त्यांचं कपाळ मला थिएटरात पुस्तिकेच्या वर पाहिल्यासारखं वाटत होतं. बाहेर मतदारांची रांग, हातात दोरा आणि लाख, आणि काय कुठे बांधायचं ते मला ठाऊक नाही. नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो. भीतीने रडू यायचं बाकी होतं. शेवटी साहेबांना फोन लावला.

"अहो, हे दुपारच्या सत्रात होतं!" साहेब कडाडले.

"साहेब, दुपारी मी तुमच्या मागच्याच रांगेत होतो."



"पुस्तिकेत बघा," साहेब एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आणि जमलं तर मलाही सांगा. चांदवडहून पण तेच विचारतायत."

मी पिशवीतून पुस्तिका काढली, तोंडासमोर धरली आणि पहिल्यांदाच वाचली.