सायमनबाबांची पाठवणी

मुळशीत चहाच्या टपरीवर कुणी नुसतं ‘आमचे सायमनबाबा...’ म्हटलं, की पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजा! एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा तोंडाशी आलेला असतो. सांगता सांगता त्यात थोडी भरही पडते. म्हणून मी आपले माझ्या डोळ्यांदेखत घडलेले तेवढेच सांगतो.

बाबा म्हणजे कॅथलिक फादर. मूळचे वसईचे, जुन्या भाषांचे मोठे पंडित. परदेशातले प्रोफेसर त्यांना शंका विचारायला यायचे. धरणाच्या पाण्याकाठी त्यांच्या संस्थेचं एक छोटं घर आहे, तिथं ते राहायचे. मी तिथली लायब्ररी सांभाळायचो आणि हौसाबाई स्वयंपाकघर. खरं म्हणजे बाबांना आणि मला, दोघांनाही तीच सांभाळायची! बाबांची नजर अधू होत चालली होती. पुण्याचे मोठे फादर त्यांना म्हाताऱ्या फादरांच्या घरी हलवणार, अशी कुणकुण होती. तेव्हापासून रस्त्यावर गाडी वाजली की हौसाबाई दाराशी धावायची. मीही.

*

एकदा आम्ही दोघं पौडहून बसने पिरंगुटला निघालो. बाबांच्या चष्म्याची काडी मोडली होती. बसमध्ये मला डुलकी लागली. बाबा जागे होते, पण कुठल्याशा क्रियापदाच्या विचारात खिडकीबाहेर बघत बसलेले.

बऱ्याच वेळाने अर्धवट झोपेत मी ऐकलं, ते कंडक्टरला अगदी अदबीने विचारत होते, ‘‘अहो, पिरंगुट आलं का?’’

कंडक्टर म्हणाला, ‘‘दोनदा येऊन गेलं, बाबा! आता तिसऱ्यांदा आलं की सांगतो. ह्यांनाबी उठवतो!’’

*

पुण्यातल्या एका कॉलेजात बाबा प्रमुख पाहुणे होते. हॉल भरला, समई पेटवायची वेळ झाली, आणि पाहुणेच गायब! मी धावत हॉलमागच्या मांडवात गेलो. तिथं जेवणाची तयारी चालली होती. आचाऱ्याने पांढऱ्या झग्यातला हा म्हातारा बघून ‘बसा, जरा हात लावा’ म्हटलं असणार. बाबा पाटावर बसून लसूण सोलत होते.

प्राचार्य घामाघूम. ‘‘फादर, तुमचं भाषण!’’

‘‘हो, हो. एवढा गड्डा होऊ द्या.’’

मग शाल, श्रीफळ, सगळं झालं. भाषण अप्रतिम झालं. बाबांच्या हातांच्या लसणाच्या वासाने पहिल्या रांगेला मात्र भूक आवरत नव्हती!

*

आमच्याकडे श्रावणात धुकं असं उतरतं की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं, कळत नाही. झाडं मध्येच दिसतात, मध्येच नसतात. आवाजसुद्धा लांबून आल्यासारखे वाटतात. अशा एका सकाळी बाबा फिरायला गेले ते परतेचनात. हौसाबाई आणि मी शोधायला निघालो.

पायवाटेवर, धुक्यात, बाबा हात जोडून उभे. ‘‘आधी आपण व्हा पुढे. मला घाई नाही.’’

समोर म्हैस!

‘‘आवं बाबा, म्हशीला काय सांगताय?’’ हौसाबाई ओरडली.

बाबा जरा जवळ जाऊन बघून आले. ‘‘म्हैस होय! मला वाटलं, कुणी वडीलधाऱ्या बाई आहेत. बोलल्या नाहीत, पण त्यांनाही घाई नव्हती.’’

आम्ही पोट धरून हसलो. घरी आल्यावर हौसाबाई चुलीकडे तोंड करून किती तरी वेळ डोळे पुसत होती. बाबांना दिसत नाही, हे त्या दिवशी आम्हाला नक्की कळलं.

*

भुकूमला नवीन फ्लॅट घेतलेलं एक आयटीतलं जोडपं रविवारी यायचं. त्या मुलीने विचारलं, ‘‘फादर, तुम्हाला इतक्या लँग्वेजेस येतात. देवाशी कुठल्या भाषेत बोलता?’’

बाबा विचारात पडले. ऊन पाण्यावरून सरकत सरकत पलीकडच्या डोंगरावर चढलं. चहा गार झाला. तिचा नवरा पेंगायला लागला.

‘‘वसईच्या,’’ बाबा अखेर म्हणाले. ‘‘आईच्या. भांडायचं असतं ना, मग आपलीच बरी पडते.’’

*

चैत्रात मोठे फादर गाडी घेऊन आले. फादर लोकांत वरून आज्ञा झाली की जायचं, ‘का’ विचारायचं नाही. बाबा ‘‘बरं’’ म्हणाले आणि कपड्यांचं बोचकं बांधायला लागले. मला रडूच फुटलं.

हौसाबाई रडली नाही. वस्तीवरच्या चार बायका घेऊन आली. बाबांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या शालीचा पदर पसरला आणि तांदूळ, नारळ घालून चक्क ओटी भरली! लेक सासरी निघाली की भरतात तशी. बाबा मान खाली घालून, गोंधळून बसलेले. मग ती मोठ्या फादरांकडे वळली.

‘‘जावईबापू, लेक न्येताय, न्या. आमी आडवत न्हाई. पर पंचमीला लेक माहेरी येती. मुराळी धाडू, त्येच्यासंगं लावून द्यायची. रीत हाय!’’

मोठे फादर हसले नाहीत. ‘हो’ही म्हणाले नाहीत. गाडी गेली.

*

पंचमीच्या आदल्या दिवशी हौसाबाईने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात लाह्यांची पिशवी दिली. ‘‘तूच मुराळी. भाऊच जातू आनाया.’’

पुण्यात गेटवर वॉचमनने अडवलं. ‘‘कुणाला भेटायचंय?’’

‘‘बहिणीला न्यायला आलोय.’’

‘‘अहो, हे फादर लोकांचं घर आहे!’’

‘‘व्हय. त्यातलीच एक.’’

आवाज ऐकून मोठे फादर स्वतः बाहेर आले. माझ्या टोपीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. मी टोपी सारखी केली. ह्यांनी ‘नाही’ म्हटलं तर हौसाबाईला काय सांगू? मग ते वळून जिन्याकडे बघत म्हणाले, ‘‘सायमन, माहेरची माणसं आलीत.’’

बाबा लगेच खाली आले. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात बोचकं.

मोठे फादर चकित झाले. ‘‘इतक्यात बांधलंतसुद्धा?’’

बाबा चोरी पकडल्यासारखे हळूच म्हणाले, ‘‘आल्यापासून सोडलंच नव्हतं.’’