मी रांगेत गप्प उभी राहिले

हट्टा गावच्या अंगणवाडीत मी सेविका होते आणि आपा मदतनीस. वीस-बावीस वर्षं आम्ही एकाच चुलीवर लेकरांची खिचडी शिजवली. ती मुसलमान, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला आपा म्हणायची, ती मला बाई. मतदार यादीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तिचा फॉर्म मीच भरला होता. अंगठा नको म्हणून तिला सही शिकवली होती.

मी निवृत्त झाले, मालक गेले, लेक पुण्याला. मग मोबाईलच सोबतीला राहिला. निवडणुकीच्या आधी बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला: आपाच्या गल्लीतल्या लोकांची नावं दोन-दोन गावांत आहेत, त्यांना मतदान करू देऊ नका. खोटं आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मी तो आणखी दोन ग्रुपवर ढकलला. काहून, ते आजही नीट सांगता येत नाही. सगळ्या पाठवत होत्या.

मतदानाच्या दिवशी शाळेतल्या रांगेत आपा माझ्यापुढे सात-आठ बायांवर उभी होती. गावातल्याच दोघांनी तिला अडवलं.

"तुमचं नाव दुसरीकडं बी हाय. जा घरी."

तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी पायाकडं बघत राहिले. ती रांगेतून निघून गेली. मी मत देऊन आले.

दुपारी राहवलं नाही, तिच्या घरी गेले. "आपा, चल. मी संगं येते. कोण अडवतंय बघू."

"सकाळी बी तुमी तिथंच व्हता, बाई." तिचा आवाज चढला नाही. "सुनेनं तुमचा मेसेज वाचून दाखवला मला. मी म्हनलं, बाई असं लिहिणार न्हाई."

"मी लिहिलं न्हाई, आपा. नुसतं पुढं पाठवलं."

ती उंबऱ्याबाहेर आली नाही. सहा वाजता मतदान बंद झालं.

त्या संध्याकाळी मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, की मेसेज खोटा आहे, आपाचा फॉर्म मी स्वतः भरला होता, आणि खोटं पसरवण्यात मीही होते. एकीनं विचारलं, "तुमी आता त्यांच्या बाजूच्या का?" त्या उन्हाळ्यात पापड लाटायला मला कुणी बोलावलं नाही. माझे मी एकटीनंच थोडे लाटले.

पुढच्या निवडणुकीला सकाळी आठलाच आपाच्या दारात गेले. तिच्यासोबत चालत जायचं ठरवलं होतं. ती पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं बोट वर केलं. शाई ताजी दिसत होती.

"सुनेसंगं जाऊन आले. कुणी अडवलं न्हाई."

"बरं झालं," मी म्हटलं.

आत या, असं ती म्हणाली नाही. मी एकटीच मत द्यायला शाळेकडं निघाले.