दसऱ्याला उडवलेलं ठिगळ

नव्वदच्या दशकात माझे काका जीपमधून वर्धा ते गिरड सवाऱ्या न्यायचे. एका दसऱ्याला पूजेआधी गाडी चकाचक करायला ते खाली शिरले आणि मागची चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्यावरची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवरची, लोखंडी पट्टी त्यांनी कुणीतरी मारलेलं ठिगळ समजून छिन्नीने उडवली. शाफ्टचा सगळा तोल त्या पट्टीवर होता. मग गाडीने चाळीस ओलांडले की सवाऱ्यांचे दात वाजायचे. मिस्त्री नवी पट्टी लावायला तयार होता, पण काका म्हणाले, "पुजलेल्या गाडीले वेल्डिंग करत नाई बाप्पा." त्यांनी पुढे लिंबू-मिरची बांधली आणि गाडी तिसाच्या वर नेणं सोडलं. थरथर थांबली. लिंबाचा हा गुण ते प्रत्येक सवारीला सविस्तर सांगत. गिरड येईपर्यंत आता वेळही भरपूर असायचा.